शेजार, हिशेब आणि शासन

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात भिवंडी येथे दिलेले व्याख्यान)



ज्ञातीच्या व्यासपीठावरून ज्ञातीचाच विचार व्हावा, अशी आपली जुनी रीत आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, विद्यार्थिसाहाय्यक निधी, वधूवर परिचय, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, इतके झाले की आपले संमेलन सुफळ संपूर्ण होते. आज त्या रीतीला किंचित सोडून बोलावे, अशी आज्ञा चालकांनी मला केली, आणि विषय दिला तो असा : लोकशाही व उत्तरदायी शासन यांसाठी नागरिकांच्या संस्थांनी जे प्रयत्न केले, त्यांपासून आपण काय शिकावे? विषय मोठा आहे. दिल्लीत आणि परदेशांत त्यावर ग्रंथांच्या राशी पडल्या आहेत. परंतु मी आरंभ करणार आहे तो आपल्या गावापासून. या विषयातील एक नामांकित प्रयोग आपल्याच गल्ल्यांतून झाला, आणि आपल्याच घरांतील तरुणांना तो ठाऊक नाही. गेल्या महिन्यात आपल्या ज्ञातीतील दहा-बारा महाविद्यालयीन मुलांना मी विचारून पाहिले. मोहल्ला समिती म्हणजे काय, हे त्यांतील एकालाही सांगता आले नाही. दोष मुलांचा नव्हे. आपण त्यांना कधी सांगितलेच नाही.

आपल्या गावाचा अपलौकिक कशाने झाला, हे मात्र साऱ्या देशाला माहीत आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली आणि तिची आग जळगाव व महाडपर्यंत गेली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. त्यानंतर मे १९८४ मध्ये पुन्हा तेच. त्या वेळी भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. आपल्यापैकी साठीच्या पुढील मंडळींना ते दिवस आठवतात, आणि आठवतात म्हणूनच त्यांविषयी कोणी बोलत नाही. मीही त्या जखमेवरची खपली काढण्यास उभा नाही.

परंतु एक गोष्ट त्या वेळीही मला चमत्कारिक वाटे आणि आजही वाटते. हे गाव मागांचे. सूत एकाचे, सायझिंग दुसऱ्याचे, माग तिसऱ्याचा, मागावरचा कारागीर उत्तर प्रदेशाचा नाही तर तेलंगणाचा, आणि तयार झालेले ग्रे कापड उचलणारा व्यापारी आणखी निराळा. कोकणी मुसलमान, मोमीन, पद्मशाली, गुजराती, मारवाडी, आगरी, कुणबी, कोळी, आणि आपण. एकाने हात आखडला तर दुसऱ्याचा माग बंद पडावा, इतके आपण एकमेकांत गुंतलेले. मग १९७० साली हे गुंतणे कोठे गेले होते? १९८४ साली कोठे गेले? याचे उत्तर शोधण्यास मला पुष्कळ वर्षे लागली. आपल्यात व्यवहाराचा संबंध होता, बैठकीचा नव्हता. भाव ठरविण्यासाठी आपण एकमेकांना भेटत होतो. गटार कोणत्या बाजूने काढावे, मिरवणूक किती वाजता निघावी, अफवा आली तर कोणी कोणाकडे जाऊन ती खरी की खोटी पाहावे, यासाठी भेटण्याची जागाही नव्हती आणि सवयही नव्हती. धंद्यातील ओळख दुकानाच्या फळ्या लागेपर्यंत टिकते. दंगल तर फळ्या लागल्यावरच सुरू होते.

१९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. मागील दंगलींचा त्यांनी अभ्यास केला, आणि बंदोबस्त वाढविण्याऐवजी माणसे बसविण्याचा मार्ग धरला. वस्तीवस्तीतून सुमारे सत्तर मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. दोन्ही समाजांची माणसे एकाच सतरंजीवर यावीत हा नियम. शांतता समिती ही काही नवी वस्तू नव्हती. दंगल झाली की प्रतिष्ठितांना बोलावून चहा पाजण्याची प्रथा जुनीच होती. नवे होते ते दोन बाबतींत. पहिली गोष्ट, समितीत पुढाऱ्यांपेक्षा साध्या रहिवाशांना स्थान मिळाले : मागवाले, दुकानदार, शिक्षक. दुसरी, बैठक दंगलीच्या भीतीने न भरता नेमाने भरू लागली, आणि तिच्यात मोठ्या गोष्टींपेक्षा क्षुल्लक गोष्टींची चर्चा अधिक होऊ लागली.

मी त्या काळी शाळेत शिक्षक होतो आणि आमच्या वस्तीतील समितीत जात असे. पहिल्या बैठकीत तासभर कोणी बोलले नाही. एका बाजूच्या भिंतीला आम्ही, दुसऱ्या बाजूच्या भिंतीला ते. अखेर एका वृद्ध मोमीन गृहस्थांनी तोंड उघडले, म्हणाले, "मास्तर, नळाला पाणी पहाटे साडेतीनला येते, ते तुमच्याकडेही तेव्हाच येते का?" सभा सुरू झाली ती या वाक्याने. पाण्यावरून गटारावर, गटारावरून भांडकुदळ जावयावर, जावयावरून रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या कर्ण्यावर. चौकीचा हवालदार वही घेऊन बसलेला असे. मागच्या बैठकीत काय ठरले आणि त्याचे काय झाले, हे पुढच्या बैठकीत तो वाचून दाखवी. न झालेले काम वाचताना त्याचा आवाज आपोआप खाली जाई. शासनाने प्रजेपुढे हिशेब देणे म्हणजे काय, हे राज्यशास्त्राच्या पुस्तकापेक्षा त्या हवालदाराच्या उतरत्या आवाजाने मला अधिक शिकविले.

पुढे ६ डिसेंबर १९९२ उजाडला. मुंबई आपल्यापासून पन्नास किलोमीटरही दूर नाही. तेथे त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत जे घडले, त्यात नऊशे माणसे मृत्युमुखी पडली, असे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नमूद आहे. ज्या भिवंडीचे नाव दंगलीला पर्यायशब्द म्हणून घेतले जाई, ती भिवंडी मात्र शांत राहिली. भीती होती, रात्री जागून काढल्या गेल्या, अफवांचे तर पेव फुटले होते. पण अफवा आली की तिची शहानिशा करण्यास जाण्याजोगे दार आता प्रत्येकाला ठाऊक होते. आमच्या गल्लीत एक अफवा रात्री अकराला आली आणि साडेअकराला मेली, कारण ज्याच्या घराविषयी ती होती तो गृहस्थच लुंगीवर बाहेर येऊन उभा राहिला. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर पुस्तक लिहिले. मुंबईकरांनीही यापासून बोध घेतला. दंगलीनंतर, १९९४ च्या सुमारास, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने तेथेही मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली, आणि पोलीस व वस्तीतील मुले यांचे क्रिकेटचे सामनेही होऊ लागले.

येथपर्यंतची कथा ऐकावयास गोड आहे. यापुढील भाग तितका गोड नाही, आणि तो आपल्यासारख्या संस्थांशी अधिक निगडित आहे.

प्राध्यापक आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदुस्थानातील सहा शहरांचा अभ्यास करून २००२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शहरे जोडीजोडीने घेतली : अलीगड आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. भिवंडीचाही त्यात निर्देश आहे. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा, की ज्या शहरात दोन्ही समाजांची माणसे एकाच संस्थेत असतात, मग ती व्यापाऱ्यांची असो, कामगारांची असो वा वाचनालयाची, त्या शहरात अफवेला चटकन पाय फुटत नाहीत. केवळ आपल्याच लोकांना एकत्र आणणाऱ्या संस्था कितीही असोत, त्यांच्याने हे काम होत नाही. प्रसंगी त्या आगीत तेलच ओततात. जर्मनीचे उदाहरण याहून भयंकर आहे. हिटलरपूर्व काळात तेथे मंडळे, संघ, गायनसमाज यांचा सुकाळ होता. पण प्रत्येक वर्ग आपापल्या मंडळात बसला होता, आणि पुढे नाझींनी त्या आयत्या मंडळांतूनच आपली माणसे मिळविली.

हे मी ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून सांगतो आहे, याची मला जाणीव आहे. आपले मंडळ ही आपल्याच लोकांना एकत्र आणणारी संस्था होय. ती तशी असण्यात पाप नाही. गरीब मुलाची फी भरणे, विधवा भगिनीला शिवणयंत्र देणे, लग्नातील देण्याघेण्याला आळा घालणे, ही कामे इतर कोणी करीत नव्हते तेव्हा या मंडळाने केली. मला तर वाटते, मत कसे द्यावे, ठराव कसा मांडावा, अध्यक्षाचे न ऐकताही अध्यक्षाचा मान कसा राखावा, हे आपल्यापैकी बहुतेकांनी नगरपालिकेत नव्हे, येथेच प्रथम पाहिले. पण लोकशाहीची शाळा येथवरच आहे, अशी समजूत करून घेतली तर आपण पहिल्या इयत्तेतच म्हातारे होऊ.

घरातून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर जावे कसे, याचा एक दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा उगम कशात होता? पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी पुणेकरांत असंतोष होता. देवाच्या पैशाचा हिशेब मागण्यास लोक एकत्र आले, आणि एकत्र आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की हिशेब मागण्याजोगे दुसरेही एक मोठे संस्थान आहे, ते म्हणजे सरकार. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक पुढे सार्वजनिक काका म्हणू लागले, ते या कार्याचे प्राण होते. सभेचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. केवळ वर्गणी भरून कोणी लोकांच्या वतीने बोलू लागावयाचे नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात याच सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. मतदानाचा हक्क नाही, विधिमंडळात जागा नाही, आणि तरीही सरकारला उत्तर द्यावे लागेल अशी माहिती हाती. आज आपल्याला मत आहे, पण माहिती गोळा करण्याचे कष्ट आपण घेतो का?

आता कडू भाग. मोहल्ला समित्या लोकांच्या होत्या, पण त्यांचे निमंत्रण चौकीतून येत असे. अधिकारी मनाचा मोठा होता तोवर निमंत्रण येत राहिले. सरकारी नोकरीत बदली ही ठरलेली. वही हवालदाराच्या हाती, सतरंजी चौकीची, तारीख साहेबांच्या सवडीची. मग साहेब बदलले, की समिती कोणाची? आम्हा सभासदांपैकी कोणालाही, आणि त्यात मी आलो, असे सुचले नाही की वही आपण ठेवावी आणि साहेबांना आपण बोलवावे. आमच्या वस्तीतील बैठका पुढे दोन महिन्यांनी, मग सणांपुरत्या आणि मग केवळ आठवणीपुरत्या राहिल्या. ५ जुलै २००६ रोजी क्वार्टर गेट येथे पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. जागा कबरस्तानाची असल्याचे लोकांचे म्हणणे होते. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मेले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलिसांना ठार केले. ज्या गावात पोलीस व रहिवासी एका सतरंजीवर बसत होते, तेथे अठरा वर्षांनी हे घडावे! त्या जागेविषयीचा तंटा नेमाच्या बैठकीत महिनोनमहिने चर्चिला गेला असता तर तो मिटलाच असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तो रस्त्यावर पहिल्यांदा ऐकू आला नसता, एवढे खास.

अलीकडच्या पुष्कळ प्रकल्पांनाही हाच रोग जडलेला असतो. सुशासनाची शिबिरे भरतात, फलक लागतात, छायाचित्रे निघतात. अनुदानाची मुदत संपली की समितीही संपते. याला अपवाद आहेत. बंगळूर येथे सॅम्युअल पॉल यांच्या संस्थेने नागरिकांना विचारून पाणी, वीज, पालिका इत्यादी खात्यांना शाळेतील मुलांप्रमाणे प्रगतिपत्रक दिले. परंतु १९९४ साली देऊन ती थांबली नाही, १९९९ मध्ये दिले आणि २००३ मध्ये पुन्हा दिले. मी शिक्षक असल्यामुळे सांगतो, प्रगतिपत्रकाचा धाक पहिल्या वेळी नसतो, दुसऱ्या वेळी असतो.

राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाई भरविली आणि गावाच्या कामाचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले. कागदावर मजुरी घेणाऱ्यांत कधीही कामावर न गेलेल्यांची नावे निघाली. त्यातूनच माहितीच्या हक्काची मागणी जोर धरू लागली. आपल्याकडे राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी हा प्रश्न लावून धरला. आधीचा २००० सालचा कायदा पोकळ ठरल्यावर महाराष्ट्रात २००२ मध्ये नवी तरतूद आली, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशासाठी माहितीच्या अधिकाराचा कायदा अमलात आला. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत, उत्तर न आल्यास अपील. केवळ कागदाची प्रत नव्हे, तर कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा व वापरलेल्या मालाचा नमुना मागण्याचाही हक्क त्यात आहे. सामान्य माणसाच्या हाती इतके धारदार शस्त्र यापूर्वी क्वचितच आले असेल.

मीही ते एकदा उचलून पाहिले. आमच्या गल्लीतील गटाराचे काम कागदावर पुरे झाले होते, जमिनीवर नव्हते. एका कार्यालयात मी अर्ज दिला. अंदाजपत्रक, मोजमापाची वही आणि देयक मागितले. उत्तर आले, कागद सापडत नाहीत. अपील केले, पुन्हा तेच. त्या सुमारास एक अनोळखी तरुण घरी येऊन माझ्या पत्नीला, "मास्तरांची प्रकृती बरी असते ना?" असे विचारून गेला. पत्नीने मला काही सांगितले नाही. त्या रात्रीपासून दाराला आतून दुसरी कडी लागू लागली, एवढेच मी पाहिले. मग मी जुन्या समितीतील मंडळींकडे गेलो. आम्ही अकरा जणांनी, त्यांत चार मोमीन व दोन पद्मशाली, शब्दशः तोच अर्ज अकरा वेळा दिला. तीन आठवड्यांत कागद सापडले, आणि पावसाळ्यापूर्वी गटार झाले. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी जमिनींचे गैरव्यवहार उघडकीस आणले, आणि १३ जानेवारी २०१० रोजी त्यांची हत्या झाली. कायदा एकट्याला अधिकार देतो, संरक्षण मात्र शेजारच देऊ शकतो. शेट्टी यांच्याविषयी वाचले तेव्हा मला माझ्या अकरा अर्जांची आठवण झाली, आणि अंगावर काटा आला.

आपले गाव आता लहान राहिलेले नाही. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सात लाखांवर गेली होती. २००१ च्या अखेरीस महानगरपालिका झाली. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. पण २०१७ साली निवडून आलेल्या नव्वद नगरसेवकांची मुदत जून २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ येथे लोकनियुक्त सभागृहच नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात आपल्यापैकी किती जणांना काही उणे भासले? मला विचाराल तर लोकशाहीला खरी भीती या न भासण्याची आहे.

म्हणून मी आजच्या कार्यक्रमपत्रिकेतील सातव्या ठरावाला पाठिंबा देण्यास उभा आहे. मंडळाचे हे सभागृह दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दोन तास वस्तीतील सर्व रहिवाशांच्या बैठकीसाठी विनामूल्य खुले ठेवावे, असा तो ठराव आहे. सर्व म्हणजे सर्व. ज्ञाती, धर्म, भाषा न पाहता. वही रहिवाशांनी ठेवावयाची, अधिकाऱ्यांना रहिवाशांनी बोलवावयाचे. या ठरावाला विरोध आहे, हे मला माहीत आहे. ज्येष्ठ मंडळींपैकी काहींनी मला प्रेमाने सांगितले, "मास्तर, ही वास्तू आपल्या वाडवडिलांनी पै-पै जमवून ज्ञातीसाठी बांधली. ती परक्यांच्या हाती का द्यावी?" त्यांच्या भावनेचा मी अनादर करीत नाही, माझ्या वडिलांचे नावही त्या संगमरवरी पाटीवर आहे. परंतु १९८४ मध्ये हे सभागृह आठ दिवस बंद होते आणि आपण आतून दारे लावून बसलो होतो, हेही मला आठवते. ज्ञातीची वास्तू ज्ञातीला वाचविण्यास त्या वेळी पुरी पडली नाही. आपल्यातील एका कुटुंबाला ज्यांनी मागच्या दाराने आपल्या घरात घेतले, ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. ते कुटुंब आज या सभेत बसले आहे.

आणखी एक विनंती, आणि ती जरा अवघड आहे. इतरांचा हिशेब मागावयाचा तर आपली वही उघडी हवी. आपल्या मंडळाचा जमाखर्च दरवर्षी छापला जातो, पण वाचला जात नाही. गेल्या वर्षी कोषाध्यक्षांनी वाचावयास आरंभ केला आणि त्याच क्षणी बाहेर पाने मांडल्याची वर्दी आली. वसतिगृह निधीच्या आकड्यापर्यंत पोहोचण्याआधीच सभागृह रिकामे झाले. कोषाध्यक्षांवर माझा रोख नाही. ते अत्यंत सचोटीचे गृहस्थ आहेत, आणि म्हणूनच त्यांना प्रश्न विचारणारे कोणी असावे, असे मला वाटते. सार्वजनिक सभेचा जन्म देवस्थानच्या वहीतून झाला, हे मघाशी सांगितलेच आहे.

माझे बोलणे लांबले. आता कोषाध्यक्षांची पाळी आहे. वसतिगृह निधीचा आकडा अहवालाच्या चौथ्या पृष्ठावर आहे, आणि सातवा ठराव त्यानंतर मतास येईल. भोजन समितीला मी सकाळीच भेटून विनंती केली आहे, की मतमोजणी होईपर्यंत पाने मांडू नयेत.